काढून टाक तो निळा

"तुमच्या लोकांना निळ्याशिवाय काही दिसतच नाही का?"

विभागप्रमुख माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. सगळी लॅब हसली.

स्क्रीनवर माझा प्रोग्राम होता. मॅट्रिक्सची गणितं सोडवायचं आमचं सॉफ्टवेअर फुकटातलं, जुनं. त्यात लिहिलेलं सगळं काळंच दिसायचं. आकडे काळे, आज्ञा काळ्या, कंस काळे. एक कंस मिटायचा राहिला की डोळे फोडत बसायचं. म्हणून मी मोबाईलचं नेट जोडून रंग देणारं एक ॲड-ऑन उतरवून घेतलं. आधी बसेना, व्हर्जन जुळत नव्हतं. जुनं व्हर्जन शोधलं, फोल्डर जागेवर टाकला, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. आणि माझाच प्रोग्राम मला नीट दिसला. आज्ञा निळ्या, आकडे तांबडे, उघडा राहिलेला कंस ठळक. रंग मी निवडले नव्हते. बनवणाऱ्यानं दिले तसेच होते.

पण आडनाव माझं होतं. रोज हजेरीत वाचलं जाणारं. आम्ही शेवगावचे, बौद्ध. बाप टेम्पो चालवतो.

"काढून टाक," सर म्हणाले. "ही लॅब आहे, जयंतीचा मंडप नाही."

मी काढलं. घाईत आधी चुकीचा फोल्डर उघडला. परत हसले. शेजारी वैष्णवी, काष्टीच्या बागायतदाराची पोर. माझ्याबरोबर डबा खायची. तीही हसली.

घरी सांगितलं नाही. आतल्या आत जळत राहिले.

मग कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम गोड.

"ते तुझं रंगाचं सगळ्या मशीनवर टाकून दे. पाहुण्यांना बरं दिसेल. फक्त निळा बदल. दुसरा कुठलाही चालेल."

मी कॉलेजात पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी घरचं तोंडात आलं.

"टाकते. पन निळा बदलनार न्हाई."

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"ठावं हाय."

तरी काम त्यांनी माझ्याकडंच ठेवलं. त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही, की त्यांना वाटलं मी घाबरून बदलेन, कोण जाणे. मी एकेका मशीनवर बसले, ॲड-ऑन टाकलं, उघडून बघितलं. प्रत्येक स्क्रीनवर निळा तसाच ठेवला. मला माहीत होतं मी काय करतेय.

समिती आली. एक बाई स्क्रीनपाशी वाकल्या. "छान केलंय. वाचायला किती सोपं जातं."

"आमच्या विभागाचा उपक्रम," सर म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, या निळ्या रंगावरनं तुम्ही मला काय बोललात, ते मॅडमना सांगा."

सरांनी हातानंच बसायची खूण केली.

"मी काहीच बोललो नाही. बस खाली."

मग मीच सांगितलं. त्यांचं वाक्य, जसंच्या तसं. जयंतीचा मंडपसुद्धा. बाईंनी वर्गाकडं बघितलं. "हे खरं आहे?" सगळ्या माना खाली.

वैष्णवी उठली. रडत होती.

"खरं हाय. मी हितंच हुते. मी हसले बी हुते."

मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण ती उठली, हे मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात मी आईबापाला सगळं सांगितलं आणि पोलिसांत तक्रार दिली. लगेच कॉलेजची माणसं शेवगावला आमच्या दारात. पेढे घेऊन. बापाला म्हणाली, "पोरीचं करिअर हाय दादा. सर केबिनमधी माफी मागत्याल. मिटवून टाका."

आई चुलीपुढून उठून आली.

"बोलले साऱ्यांम्होरं. मग माफी खोलीत का?"

पेढे तसेच परत गेले.

प्रॅक्टिकलला मला काठावर पास केलं. एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतीला बसायची संधी त्यात गेली. मी आता नगरमध्ये एका छोट्या ऑफिसात काम करते. केस कोर्टात उभी आहे. तारीख पडली की मी जाते, वैष्णवी काष्टीहून येते. आम्ही एकमेकींशी फार बोलत नाही. सर वकिलाच्या मागे बाकावर बसतात, माझ्याकडं बघत नाहीत.

परवा कॉलेजातून निरोप आला. ते निवृत्त होतायत, बीपी वाढलंय, आता तरी मोठ्या मनानं सोड. ऑफिसातली माणसंही समजावतात, न्याय मागावा, सूड धरू नये.

मी सूडच म्हणते. मोठं मन मला नको. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार पडेल, भाषणं होतील. होऊ देत. त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला त्यांनी त्या बाकावर येऊन बसायचं, नावाचा पुकारा झाला की उठायचं. ते तिथंच म्हातारे होतील. आणि मी समोर बसून बघणार आहे.