जोडी बाद, वर शाल

शहागडच्या पुढं एका गावात शंकरपटाला गेल्तो. आत्ताच घरी आलो, डोकं अजून गरम आहे.

शंकरपटात बैलजोडी सरळ आखलेल्या पटावर पळवतात. शेवटची रेषा ओलांडली तरी बैल लगेच थांबत न्हाईत, पुढं मोकळं रान लागतंच. कमिटीनं नेमका तिथंच पाहुण्यांचा मांडव टाकला. हाकणाऱ्यांनी सकाळीच सांगितलं, मांडव हलवा. कमिटी म्हणे, "पाहुण्यांना समोरून दिसलं पाहिजे."

माझा भाऊ भरत जोडी हाकत होता. जोडी सुसाट सुटली, आणि समोर पाहुणे मांडवातून पुढं येऊन फोटो काढून राह्यले. भरतनं रेषेच्या अलीकडंच कासरा ओढला अन् जोडी बाजूच्या कपाशीत घातली. कुणाला ओरखडाही आला न्हाई.

पंच म्हणाले, "पट सोडला, जोडी बाद."

मी भांडायला गेलो. अध्यक्ष म्हणाले, "नियम बराबर आहे. पण जीव वाचवले, मंग सत्कार तर करूच."

त्याच मांडवात भरतला शाल अन् नारळ दिला. तो खाली उतरला तेव्हा पुढची जोडी सुटायला उभी होती, अन् मांडव जागेवरच होता.

तुम्हीच सांगा, आता त्या पुढच्या जोडीचा हाकणारा कासरा ओढंल का?