हिंगोलीला जाणारी नळी

घाटकोपरच्या एका गाळ्यात रतन खिल्लारेनं बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. टाक्या, जिने, इस्पितळाच्या खाटा, मिळेल ते. पण निवृत्तीला वर्ष उरलं असताना आलेली एक नमुन्याची नळी त्याच्या जिवाला लागली. ती पास झाली, तर गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं काम गाळ्याला मिळणार होतं. आणि वेधशाळा हिंगोलीत, त्याच्याच जिल्ह्यात. जिथं त्याच्या बापाला आडाला हात लावू दिला नाही, तिथं रतनच्या हातचा जोड कायमचा बसणार होता.

लेकीनं, दीप्तीनं, समजावलं होतं. "पप्पा, दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळली, तीपण शंभर कोटी वर्षांपूर्वी. त्याचा हादरा आत्ता पोचतो, अणूपेक्षा बारीक. तो पकडायचा तर नळीत हवा नको, बोटाचं तेलसुद्धा नको."

एवढं कळूनही गड्यानं माती खाल्लीच. काम गाळ्याबाहेर पडताना त्याला हात लावून कपाळाला लावायचा, ही त्याची जुनी सवय. देवासाठी नव्हे, कामाच्या मानासाठी. गाळ्यात धुण्यापुसण्याचं काम करणाऱ्या शकुनं नळी धुऊन ठेवली, झाकण बसायचं होतं. रतननं हातमोजा काढला, आतल्या जोडावर बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

चाचणीत तेलाचा अंश निघाला.

"दुसरा नमुना मागितलाय," गाळ्याचे मालक श्यामकांतशेठ म्हणाले. "शकु, उद्यापासून येऊ नको."

"मी दोनदा धुतली शेठ. रतनदादा, तुम्ही बघितलं ना?"

रतननं नजर हातमोज्याकडे वळवली. शकु डबा पिशवीत भरत होती. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीवर होतं, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्ता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"हात माझा लागला, शेठ. मोजा काढून."

शेठ शकुला म्हणाले, "पिशवी ठेव." आणि रतनकडे न बघता, "ग्रिलचं काम पडलंय, ते घे. त्या नळीला यापुढे हात लावायचा नाही."

रतननं मान डोलावली. बापानंही हेच ऐकलं होतं, आडाजवळ उभं राहून. पण बापाची काही चूक नव्हती.