मोत्याच्या पिसवा

आबा निजामाच्या कचेरीत कारकून. त्यांचा हुकूमच निघाला, "उद्या ह्या कुत्र्याला पाथरीच्या वाटेला सोडा!" मोत्याला मी तीनदा कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं होतं, तरी पिसवा हटंनात.

तेवढ्यात घोंगड्या विकणारी एक म्हातारी ओट्यावर टेकली. तिनं मोत्याच्या कानामागची पिसू धरली, दोन नखांत चिरडली अन् म्हणली, "कुत्र्याला कशाला हाकलता, मालक? पिसवा तुमच्या गोधडीत मुक्कामाला हायेत."

मग पदरच खोचला तिनं! गोधड्या उकळायला, मोत्या घंगाळात, घर सारवायला, सगळं एकाच दिवशी. आबालाबी शेण कालवायला लावलं!

जाताना मी नाव इचारलं.

"नाव घिऊन काय करतीस? आठ दिसांनी अंडी फुटतेत. पुन्हा हेच कर."

मी केलं. तवापासून मोत्या आबाच्याच पायथ्याशी झोपायचा.