फाटकाचा खट्ट

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरामागे एक छोटा स्विमिंग पूल आहे. आधीच्या मालकांनी तो हौसेनं बांधलेला. घर घेताना बायको म्हणाली होती, पहिल्यांदा हा खड्डा बुजवा. मी ऐकलं नाही. लहानपणी पुण्यात टँकवर रांग लावून अर्धा तास पोहायला मिळालेला माणूस मी. आता घरामागे स्वतःचं पाणी आलंय आणि ते मातीनं भरून टाकायचं, हे काही माझ्या गळी उतरेना. वर्षातले पाच-सहा आठवडे त्यात मी एकटाच उतरायचो आणि उरलेले दिवस पानं काढत बसायचो. पण तलाव राहिला.

मग नात झाली. मुलगी लीड्सला असते, तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर आहे. बाळाला घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा ती किचनच्या खिडकीतून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. नंतर तिनं सांगितलं, “बाबा, फेन्स होईपर्यंत मी तिला इथे एकटं ठेवणार नाही. मी वॉर्डमध्ये बघते ना, मला माहितेय.”

माझं आयुष्य लिफ्ट तपासण्यात गेलं. दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट हलताच कामा नये, हा त्या कामाचा पहिला धडा. आणि तीस वर्षं मी एकाच जातीच्या माणसावर खवळत आलो: दार अडवून ठेवणारा. सामान चढवायचं असतं, हात भरलेले असतात, मग कुणी दाराखाली पुठ्ठा सरकवतो, कुणी बादली ठेवतो, आणि विचारलं की म्हणतो, दोनच मिनिटं हो. अशा किती लोकांना मी चारचौघांत झाडलंय त्याची गणती नाही. निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्यानं माझी नक्कल केली, तीसुद्धा हात नाचवत दाराखालची पाचर उपसणाऱ्या माझीच.

तेव्हा कुंपणाचं काम मी किती मनावर घेतलं असेल ते सांगायला नको. कौन्सिलला फोन केला. घरच्या तलावाला कुंपण हवंच असा वेगळा नियम इथं नाही, जबाबदारी तुमची, असं तिथल्या बाईंनी थंडपणे सांगितलं. इन्शुरन्सवाल्यांनी मात्र दोन पानं प्रश्न पाठवले. मग जिथं असा कायदा आहे त्या देशांचे नियम मी शोधून वाचले आणि त्याप्रमाणे कुंपण उभं केलं. उंची माझ्या छातीपर्यंत. दोन गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा कमी जागा. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं, आणि लॅच इतका उंच की मोठ्या माणसालाच पोचावा. जवळपास चढता येईल असं काही नको, म्हणून बायकोच्या तीन कुंड्या आणि बसायचा बाक मी हलवला. त्यावरून ती आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तपासणी करायचो. बायकोचा मेथ्यांचा स्टीलचा डबा बरोबर मापाचा निघाला, तो प्रत्येक फटीशी लावून बघायचा. कुठूनही आत गेला नाही पाहिजे. मग फाटक पूर्ण उघडून सोडायचं, अर्धं उघडून सोडायचं, बोटभर उघडून सोडायचं. तिन्ही वेळा त्यानं स्वतःहून मिटून खट्ट वाजायला हवं. जरा कुचराई दिसली की बिजागरीची स्प्रिंग आवळायची. बायको दारात उभी राहून म्हणायची, “झाली का सुभेदारांची गस्त? डबा द्या, फोडणी खोळंबलीय.”

मुलीचा बापावर विश्वास होता, पण डॉक्टरांचा असतो तेवढाच. मी फोटो पाठवले तर म्हणाली, फोटो नको, आवाज ऐकवा. म्हणून मी फोन घेऊन फाटकाशी गेलो आणि तो खट्ट तिला लीड्सला ऐकवला. तेव्हापासून तो आवाज आमच्या घरात मुरला. किचनमध्ये असलो तरी कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते आम्हाला कळायचं.

तरीही नातीला आमच्याकडे एकटं ठेवायला तिला तीन वर्षं लागली. या उन्हाळ्यात तिची मोठी परीक्षा होती, जावई कामासाठी परदेशात. आठवडाभराचा प्रश्न होता. एका शनिवारी ती नातीला घेऊन आली, फाटक स्वतः चारदा उघडून सोडलं, आणि निघताना एवढंच म्हणाली की दोघांपैकी एकाची नजर कायम तिच्यावर पाहिजे, आणि ती कोणाची ते बोलून ठरवायचं. मी जरा दुखावलोच. तीस वर्षं दारं तपासलेल्या माणसाला हे सांगायचं?

त्याच आठवड्यात इकडे कधी पडत नाही असं ऊन पडलं. असं ऊन दिसलं की आमच्या बायकोच्या अंगात येतं. बुधवारी सकाळी तिनं साबुदाणा शिजवायला घेतला. पळीपापड्या घालायच्या होत्या. मंगळवारी एक घाणा तिनं हिरवळीवर चादर टाकून घातला होता, त्यातला अर्धा मॅगपाय पक्ष्यांनी नेला आणि उरलेल्यावरून कोल्हा चालून गेला. ती इतकी हिरमुसली होती की उपाय मीच सुचवला. तलावाच्या कडेला स्वच्छ फरशी आहे, दिवसभर ऊन आहे, आणि भोवती कोल्ह्याला शिरता न येणारं कुंपण आहे. बायको आधी नको म्हणाली, पोरगी घरात आहे म्हणाली. मी म्हटलं, पोरगी कुंपणाबाहेर, पापड्या आत, कुंपण आहे कशाला? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

आणि नातीला मी गोष्ट सांगितली. लहानपणी वाळवण राखायला मलाच बसवायचे, हातात काठी देऊन, गच्चीवर. कावळा आला की उठून हाकलायचं. राखण नीट केली की अर्धवट वाळलेली, मऊ, चिकट पापडी खायला मिळायची. तिचे डोळे मोठे झाले. मी टोमॅटोच्या वाफ्यातली एक बांबूची काठी उपटून तिला दिली, पॅटिओच्या पायरीवर बसवलं आणि म्हटलं, आजपासून तू आमची राखणदार. तिनं मान हलवली. साडेतीन वर्षांचं पोर ते, काम दिलं की काम करणारच.

बायको किचनमध्ये प्लास्टिक अंथरलेल्या ट्रेंवर पापड्या घालत होती आणि मी ट्रे नेत होतो. फाटकाशी आलो की ट्रे एका हातावर तोलायचा, दुसऱ्या हातानं उंचावरचा लॅच उचलायचा, खांद्यानं फाटक धरायचं, आत शिरायचं. मागे खट्ट. प्रत्येक खेपेला पातळ साबुदाणा ट्रेमध्ये एका बाजूला वाहायचा. शिवाय खाण्याच्या जिनसांपाशी चप्पल घालून जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, म्हणून फाटकाशी चपला काढायच्या आणि परत घालायच्या. चौथ्या खेपेला ट्रेची कड फाटकाला लागून दोन पापड्या फुटल्या. मी चडफडलो. चप्पल काढलेलीच होती. पायानं ती फाटकाखालच्या फटीत सरकवली. फाटक उघडं राहिलं. दोनच खेपा उरल्या होत्या.

मला ते करताना काहीही वाटलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो. क्षणभरही नाही.

शेवटचा ट्रे ठेवून वळलो तर आतून बायकोची हाक आली, अहो, लवकर या, पातेलं धरा, खाली लागतंय. मी अनवाणीच धावलो. नात पायरीवर काठी घेऊन बसली होती, मी तिच्याजवळूनच गेलो. बायकोला वाटलं, मी बाहेर आहे म्हणजे नजर माझी. मी आत आलो तेव्हा बोलून ठरवायचं राहून गेलं. मी पातेलं तिरकं धरलं, ती खरवडून काढत होती, गॅस फार मोठा ठेवला कुणी यावर आम्ही थोडे भांडलोही.

मग मला जाणवलं की मघापासून तो आवाज आलेला नाही. मी बाहेर येताना फाटक वाजलंच नव्हतं.

खिडकीतून बघितलं. पायरी रिकामी होती.

पातेलं मी कुठं टाकलं ते आठवत नाही. हिरवळ ओलांडायला किती वेळ लागला असेल, दहा सेकंद? त्या दहा सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती चप्पल होती. निळी, रबराची, टाचेशी झिजलेली, फाटकाखाली घट्ट बसलेली.

नात तलावाच्या काठावर पालथी पडलेली होती. वाऱ्यानं एका ट्रेमधलं प्लास्टिक पापड्यांसकट उचलून पाण्यात टाकलं होतं आणि ती काठीनं ते ओढायला बघत होती. डोकं, एक खांदा आणि काठीचा हात पाण्यावर. गुडघे फरशीवरून सरकत होते. ओरडावं असं घशाशी आलं होतं, पण दचकली तर गेली, एवढं कळत होतं. मी श्वास धरून शेवटची चार पावलं टाकली आणि तिच्या फ्रॉकच्या पाठीला हात घातला.

ती रडली नाही. माझ्यावर रागावली. “आजोबा, ते पळालं ना! मी बर्डला शूऽऽ करून हाकललं, बट ते पळालं.” राखणदारानं आपलं काम चोख केलं होतं. मी तिला छातीशी धरून फरशीवर बसलो. बायको फाटकाशी आली, तिनं खाली बघितलं, वाकून चप्पल ओढून काढली. तिच्या मागे खट्ट वाजला. ती मला फाडून बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी नात झोपल्यावर बायको हळूच म्हणाली, “तिची परवा परीक्षा आहे. काही झालं तर नाही ना? परीक्षा झाल्यावर सांगा.” ती चुकीचं बोलत नव्हती. मी होही म्हणालो. मग तास-दोन तास मी बाकावर बसून त्या कुंपणाकडे बघत राहिलो. एकेक गज मी मापून बसवला होता. डबा कुठूनही आत जात नव्हता. आणि परीक्षेचं कारण खरं असलं तरी माझं कारण ते नव्हतं, हे मला कळत होतं. मला भीती होती ती या घरातून नात जाण्याची. इतकी वर्षं ज्यांना झाडलं ते सगळे लोक मला आठवत होते. तेही घाबरूनच खोटं बोलायचे.

सहाला मुलीचा फोन आला. नेहमीसारखी आधी आईशी बोलली, मग नातीशी. नात म्हणाली की पापड स्विमिंगला गेला. मुलगी हसली, कुठला पापड म्हणाली. मी फोन हातात घेतला आणि सगळं सांगितलं. चप्पल मी अडकवली, काठी मी दिली, राखण कर असं मी सांगितलं, आणि कितीपर्यंत ती पाण्यावर वाकली होती तेही सांगितलं.

मग ती म्हणाली, “बाबा, गेटकडे जा.”

मी नातीला कडेवर घेतलं आणि गेलो.

“आवाज ऐकवा.”

फाटक पूर्ण उघडून सोडलं. ते सावकाश मिटत आलं आणि वाजलं.

“परत.”

अर्धं उघडून सोडलं. वाजलं.

“परत, बाबा.”

बोटभर उघडून सोडलं. वाजलं. स्प्रिंग उत्तम होती, लॅच उत्तम होता, तक्रारीला कुठं जागाच नव्हती. फोनमध्ये माझी मुलगी रडत होती, तोंडावर हात धरून, मला कळू नये अशी.

“मी उद्या सकाळी येते,” ती शेवटी म्हणाली. “तिची बॅग भरून ठेवा.”

परवाच्या परीक्षेचं काय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी फक्त ये म्हणालो. दुसरं काही म्हणायचा हक्क सकाळी मी स्वतःच घालवला होता.