विकायला काढलेला अकॉर्डियन

त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता त्यालाही आठवत नसे, पण का ठेवलं ते पाहणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळे. गडी खुर्चीत बसला की गुडघा हलायचा, उभा राहिला की बोटं हलायची, आणि बोटांना काही काम नसलं की खिशातला फोन बाहेर यायचा. वापरलेली वाद्यं ऑनलाइन विकत घ्यायची, पुसायची, तारा बदलायच्या, गळती बुजवायची आणि पुन्हा ऑनलाइनच विकायची, हा त्याचा पंधरा वर्षांचा धंदा. या धंद्याला असाच माणूस लागतो. कुणी सकाळी सातला व्हायोलिनची जाहिरात टाकली, तर पावणेआठला हा त्याच्या दारात उभा असायचा आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडात अजून ब्रश असायचा.

वाद्य त्याला एकही धड वाजवता येत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे. गिटार असो, ट्रम्पेट असो, क्लॅरिनेट असो, प्रत्येकावर त्याला तेच पाच सूर येत. वाद्याची नाडी ओळखायला त्याला तेवढे पुरत. त्याहून पक्की ओळखायचा तो विकणाऱ्याची नाडी. ‘फारसा वाजवलेला नाही’ म्हणजे अजिबात वाजवलेला नाही. ‘किरकोळ ओरखडा आहे’ म्हणजे जिन्यावरून पडलंय. आणि जो माणूस ‘मला काही घाई नाही’ असं तीनदा म्हणतो, त्याला घरातून शेवटची मुदत मिळालेली असते.

खरे नाकी नऊ आणायचे ते हातातून वाद्य न सोडणारे. किंमत ठरलेली असते, चहासुद्धा पिऊन झालेला असतो, आणि ऐन वेळी विकणाऱ्या बाईंचा हात वाद्याच्या पेटीच्या मुठीवर घट्ट होतो. ते वाद्य वडिलांचं असतं, परदेशी गेलेल्या मुलाचं असतं, नाहीतर लग्नाआधीचं आपलं स्वतःचंच असतं. अशा वेळी भिंगरी एरवी कधी नसेल इतका शांत व्हायचा. आवाज खाली आणून म्हणायचा, "ताई, पडून राहिलं की वाद्य बिघडतं. वाजवणारा थांबला, त्याची शिक्षा ह्याला कशाला? द्या. कुणीतरी वाजवेल." हे त्याने हजारदा म्हटलं असेल. दर वेळी त्याला ते मनापासून पटायचं, आणि दर वेळी समोरचा हात सैल व्हायचा.

त्याच्या जाहिरातींचा मजकूर बायको लिहायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की त्याचा फोन हातात घ्यायची, पिवळ्या चादरीवर काढलेले फोटो निवडायची आणि चार ओळींत वाद्याबद्दल खरं ते सांगून टाकायची. भिंगरीला हातभर थापा मारायची हौस होती, पण तिने लिहिलेली वाद्यं लवकर खपतात हे त्याच्या लक्षात आल्यापासून त्याने त्यात नाक खुपसायचं सोडलं होतं. एवढ्या वर्षांत एकच जाहिरात त्याने स्वतः लिहिली होती. ती तिच्या अकॉर्डियनची.

बायको अठरा वर्षं एका बँडमध्ये अकॉर्डियन वाजवत असे. भिंगरी त्याच बँडचा हमाल होता. स्पीकर चढव, वायरी गुंडाळ, खुर्च्या लाव. पहिल्याच दिवशी तिची पेटी जिन्यावरून वर नेऊन देतो म्हणाला, आणि मग लग्न होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. पुढे तिच्या डाव्या हाताची करंगळी आखडली, मग तिच्या शेजारचं बोट, मग तिसरं. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला छोट्या गोल बटणांच्या रांगा असतात. न बघता, पट्ट्याखालून हात घालून ती दाबायची असतात. शर्टाच्या बाहीचं बटण लावता येईना, तिथे ती बटणं कुठली सापडायला? डॉक्टर झाले, औषधं झाली, गरम मेणात हात बुडवून झाला. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी तिने अकॉर्डियन पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "विकून टाक."

"बरं," भिंगरी म्हणाला. त्याने तसं करायचं नाही हे त्याच क्षणी ठरवलं होतं. आज ना उद्या एखादं नवं औषध निघेल, बोटं सुटतील, आणि तेव्हा ती विचारेल, माझा अकॉर्डियन कुठंय? तेव्हा काय तोंड दाखवायचं? म्हणून त्याने शक्कल लढवली. जाहिरात टाकली, पण तेवढ्या पैशांत तीन नवेकोरे आले असते अशी किंमत लावली. फोटो दिवा न लावता काढला, तो पलंगाखाली झोपलेल्या कुत्र्यासारखा आला. खाली लिहिलं, ‘अकॉर्डियन. जुना.’

सुरुवातीला ती विचारायची, "कुणी चौकशी केली का?"

"अगं कुठे! हल्ली अकॉर्डियन घेतंय कोण?"

वर्षभराने तिने विचारायचं सोडलं. भिंगरीला वाटलं, आपण जिंकलो. पेटी झोपायच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात राहिली. तो कप्पा पेटीने पुरता अडवला होता, म्हणून घोंगड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वर ठेवाव्या लागत. महिन्यातून एकदा, बायको दुकानात गेली की, तो पेटी ओढून काढायचा, अकॉर्डियनचा भाता चाळीस वेळा उघडबंद करायचा, म्हणजे कातडं ताठरत नाही, आणि पुसून जशीच्या तशी आत ठेवायचा. निदान त्याला तरी ती जशीच्या तशी वाटायची.

गुरुवारी संध्याकाळी तो एका गिटारच्या खुंट्या काढत बसला होता. बायको त्याच्या फोनवर क्लॅरिनेटची जाहिरात लिहीत होती.

"अरे," ती म्हणाली, "तुझ्या अकॉर्डियनला गिऱ्हाईक आलंय."

"कुठल्या अकॉर्डियनला?"

"आपल्या घरात किती आहेत?" तिने वाचून दाखवलं, "‘जाहिरातीतली किंमत मान्य आहे. घासाघीस करायची नाही. शनिवारी चारला आले तर चालेल का?’"

भिंगरीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "कुणीतरी भामटा असणार. एवढ्या किमतीला..."

"एवढ्या म्हणजे केवढ्या?" तिने मान वर न करताच विचारलं.

"नाही, म्हणजे... घासाघीस न करता कोण घेतं का कधी?"

"या म्हणून कळवलंय मी," ती म्हणाली आणि पुन्हा क्लॅरिनेटकडे वळली.

झालं. नाही म्हणावं तर बायको विचारणार, का? हो म्हणावं तर पेटी जाणार. शुक्रवारी सकाळी त्याने तिच्या बाहीचं बटण लावलं तेही चुकीच्या काजात. ती घराबाहेर पडताच त्याने फोन उचलला. ज्याने पंधरा वर्षं दोष बुजवण्यात घालवली, तो आता दोष शोधून शोधून लिहायला लागला.

‘भाता गळतो,’ त्याने कळवलं.

‘चालेल,’ उत्तर आलं.

मग तो एका ट्रॉम्बोनसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. जिन्यात उभं राहून त्याने लिहिलं, ‘डावीकडची तीन बटणं अडकतात.’

‘चालेल.’

ट्रॉम्बोनवाल्याशी बोलता बोलता, ‘कुबट वास येतो.’

‘ऊन दाखवेन.’

ट्रॉम्बोन न घेताच तो खाली आला. रस्त्यातच थांबून लिहिलं, ‘वजन फार आहे, पाठ कामातून जाते.’

‘मी रोज बारा टनांची बस चालवते,’ उत्तर आलं. ‘उद्या चारला येते.’

तो घरी आला, बाहेर गेला, पुन्हा आला. दुकानात जाऊन तारा आणायच्या होत्या, त्या न आणता डिंक घेऊन आला. ही बाई एवढे पैसे द्यायला तयार होते म्हणजे तिला त्या अकॉर्डियनमध्ये असं काहीतरी दिसलंय जे आपल्याला दिसत नाही, अशी एक नवीच शंका त्याच्या डोक्यात शिरली. जाहिरात उघडून पाहावी हे मात्र त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. ती त्याला तोंडपाठ होती.

शनिवारी बायकोला अर्ध्या दिवसाची सुट्टी असे. ती एक वाजता यायची. सकाळी अकराला भिंगरीने पेटी काढली, अकॉर्डियन चादरीवर ठेवला आणि मागचे स्क्रू सोडवले. आत सुरांच्या पितळी पट्ट्यांची रांग होती. दोन पट्ट्यांखाली कागदाचा कपटा सरकवला की वाद्य बोबडं बोलणार, बाई निघून जाणार, आणि कपटा काढला की सगळं पूर्ववत. कपटा त्याने फाडूनही ठेवला होता. चिमटीत धरून त्याने तो पट्टीजवळ नेला. इतकी वर्षं ज्याचा भाता हलवला त्याचा गळा आवळायला त्याचा हात धजेना. शेवटी त्याने स्क्रू पुन्हा आवळले आणि कपटा खिशात टाकला.

चारला दहा कमी असताना बाई आली. चाळिशीची, धिप्पाड, अंगावर कामावरचाच गणवेश. आत येऊन बसली आणि भिंगरीकडे बघून हसली.

"तुमचे सगळे निरोप वाचले. इतके दोष सांगणारा विकणारा मी पहिल्यांदाच बघितला. म्हटलं, म्हणजे वाद्य नक्की चांगलं असणार."

बायको चहा आणता आणता थबकली. "कसले दोष?"

"काही नाही गं, असंच," भिंगरी म्हणाला आणि पेटी आणायला पळाला.

बस चालवणारीने पट्टे खांद्यावर घेतले. लहानपणी शिकले होते, मग सुटलं, आता पुन्हा करायचंय, असं म्हणत तिने एक साधी, संथ चाल धरली. एका जागी अडली. मागे गेली, पुन्हा अडली. भिंगरी बायकोच्या तोंडाकडे बघत होता. आता हिचा बांध फुटणार, आता ही उठून आत जाणार, असा त्याचा जीव खालीवर होत होता. बायको मात्र कान देऊन ऐकत होती.

"भाता तिथे उलटवू नका," ती म्हणाली. "दोन सूर आधीच उलटवा. मग श्वास पुरतो."

बाईने तसं केलं आणि चाल पुढे गेली. दोघी एकदम हसल्या. अकॉर्डियन समोर असताना बायकोला हसलेलं भिंगरीने पाच वर्षांत बघितलं नव्हतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी आपल्याला घराबाहेर काढलंय असं त्याला वाटलं.

"अजून विचार करा," तो बाईला म्हणाला. "घाई नाही. मला काही घाई नाही."

"विचार झालाय," म्हणत तिने पाकीट पुढे केलं. भिंगरीने ते उघडलं आणि त्याचे डोळे विस्फारले.

"हे... एवढेच?"

"जाहिरातीत आहेत तेवढे आहेत की," बाई गोंधळली.

"बरोबर आहेत," बायको म्हणाली.

पेटी बंद झाली. बाईने हात पुढे केला. भिंगरीने मूठ धरून पेटी उचलली, दारापर्यंत आणली, आणि तिथे ती त्याच्या हातातून सुटेना. बाई वाट बघत होती. त्याची बोटं पांढरी पडली होती. स्वतःचा हात त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

बायको जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "दे. कुणीतरी वाजवेल."

हात सैल झाला. बाई सावकाश, पायरी सांभाळत जिना उतरून गेली.

दार लावून भिंगरी तिथेच उभा राहिला. "किंमत कुणी बदलली?"

"मी. दोन महिने झाले."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. भात्याचा वरचा पट्टा मी पहिल्या खटक्यावर लावायचे. तू दुसऱ्यावर लावतोस."

"मला वाटलं, कधीतरी तुझी बोटं..."

"ठाऊक आहे मला तुला काय वाटलं ते." ती चिडली नव्हती. थकलेली होती. "पाच वर्षं तू त्या कपाटातून माझ्याकडे बघतोयस. बरी झाली का, बरी झाली का. मी टॉवेल काढायला गेले तरी तेच. मी बरी होणार नाही रे. ही बोटं अशीच राहणार. त्याचं मला रडून झालं, तुझंच राहिलंय."

हजार अनोळखी लोकांच्या गळी उतरवलेलं त्याचं स्वतःचं वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त एकटं वाटलं.

बायको आत गेली. कपाटावरून प्लॅस्टिकची पिशवी ओढल्याचा आवाज आला. मग घोंगड्या एकेक करून खालच्या कप्प्यात ठेवल्याचा.

भिंगरीने खुर्ची ओढली, फोन काढला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ती जाहिरात उघडली. फोटो नवा होता. खिडकीजवळ, उजेडात काढलेला, बटणांची रांग न् रांग दिसणारा. खाली तिचा मजकूर होता.

‘अकॉर्डियन. वाजवणारीने अठरा वर्षं वाजवला. तिची बोटं आता वळत नाहीत, वाद्याला काहीही झालेलं नाही. तिच्या नवऱ्याने दर महिन्याला न चुकता भाता उघडून, पुसून ठेवला आहे. त्यामुळे घरी नेल्याबरोबर वाजेल.’

त्याखाली ‘विकला गेला’ असं एक बटण होतं. ते दाबायला भिंगरीला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात तो खुर्चीतून हलला नाही.