शादलीचा तराजू

ट्यूनिसच्या टोपीबाजारात शादलीचं दुकान लहान, पण तोरा मोठा. लाल शेशिया टोपी तिथेच जन्माला येते असं गिऱ्हाइकांना वाटे. खरं तर ती विणायच्या शहराबाहेरच्या अरियाना गावातल्या अकराजणी, आपापल्या घरी बसून. शादली दर सोमवारी लोकर पोचवायचा आणि आधीच्या आठवड्याच्या पांढऱ्या टोप्या घेऊन यायचा. त्या कुटून, आटवून, रंगवून घेणं हे पुढचं काम.

वडिलांच्या वेळी लोकर नजरेच्या अंदाजाने दिली जायची. शादलीला तो निव्वळ अडाणीपणा वाटे. धंदा हाती येताच त्याने तराजू आणला. दिलेली लोकर तोलायची, आलेल्या टोप्या तोलायच्या, फरक दिसला की जाब विचारायचा. "घरबसल्या कामाला हाच एक इलाज," असं तो शेजारच्या दुकानदारांना ऐकवायचा, आणि तेही बिचारे माना डोलवायचे.

त्या हिवाळ्यात मन्नूबियामावशीच्या टोप्या लागोपाठ दोनदा कमी भरल्या. मावशी चाळीस वर्षं या दुकानासाठी विणत होती. बाकीच्या दहाजणी तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. दुसरा कुणी असता तर थोडा थांबला असता. शादलीने भर गल्लीत, सगळ्या बायकांसमोर तराजू टांगला.

"मावशी, लोकर मुरते कुठं? यंदा नातवंडांचे स्वेटर जरा जास्तच झालेत वाटतं!"

मन्नूबिया आत गेली. गेल्या सोमवारी दिलेल्या पोत्यांपैकी एक अजून तिने सोडलंही नव्हतं. ते तिने आणून त्याच्या पायाशी टाकलं.

"ने हे. तुझा धागाही नको माझ्या घरात."

बाकीच्या दहाजणींनीही पोती परत केली. तीनशे टोप्या महिन्याभरात द्यायच्या होत्या आणि विणायला हात एक नाही. शादली चरफडत दुकानात आला. पोत्यातूनही चोरी झाली असणार, या खात्रीने त्याने मावशीचं पोतं तोललं. दीडशे ग्रॅम कमी. पण शिवण तशीच होती आणि सुतळीची गाठ त्याच्याच हातची होती.

तो लोकर साठवायच्या तळघरात गेला आणि भिंतीलगतच्या लोकरीत कोपरापर्यंत हात घातला. गार, दमट. ही जिच्या वाट्याला येई, तिच्या घरी आठवडाभर शेगडीजवळ राहिली की सुकायची. तो पाणी तोलून देत होता आणि लोकर मागत होता.

दुसऱ्याच दिवशी सुकवलेल्या लोकरीचं पोतं घेऊन तो अरियानाला गेला. मावशीने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"बोलायचं ते गल्लीत बोल. काल तर आवाज चांगला लागला होता तुझा."

बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. शादलीला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे," तो मोठ्याने म्हणाला. "तळघरातली लोकर ओली होती. मावशीने कणभरही घेतलं नाही."

"बघा, तोंड उघडलं गड्यानं!" समोरची हबीबा हसली. मन्नूबियाचा चेहराही निवळला. ती पोतं उचलायला वाकली, तेवढ्यात हबीबाने सहज विचारलं, "कधीपासून रे ओली?"

"तळघर घेतल्यापासून. दोन वर्षं झाली."

मन्नूबिया तशीच थांबली. "म्हणजे सालहाच्या वेळीही?"

या अकराजणी आधी बारा होत्या. गेल्या वर्षी याच तराजूवर शादलीने सालहाला चोर ठरवून काम बंद केलं होतं. चार महिन्यांत ती घर सोडून दूर केफ शहरात भावाकडे निघून गेली. शादलीला आत्ता, या क्षणापर्यंत, तिची आठवणही झाली नव्हती.

"पत्ता द्या," तो कसाबसा म्हणाला. "मी जाऊन सांगतो तिला."

"तिला काय सांगणार? आपण चोरी केली नाही हे तिला ठाऊकच आहे." मन्नूबिया सरळ उभी राहिली. "आम्हाला ठाऊक नव्हतं. तुझं ऐकून आम्ही तिच्याशी बोलणं टाकलं होतं. जाताना ती प्रत्येकीच्या दाराशी आली होती, शादली. मी दार उघडलं नाही."

हबीबाने मान खाली घातली. एकेक दार लागत गेलं. लोकरीचं पोतं कुणीच उचललं नाही.