दुपारच्या पहाऱ्यात गिटार

मामाने मला न विचारताच सगळ्या वाडीला सांगून टाकलं होतं. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अलीकडे आईचं माहेर. तिथे दर माघात हरिनाम सप्ताह बसतो. त्या सप्ताहात रोज दुपारच्या पहाऱ्याला, म्हणजे पाळीला, बायकांचं भजन असतं आणि चौथ्या दिवशी त्यात मामाची महाडची भाची गिटार वाजवणार, असं ठरलेलं होतं. मला हे आईकडून कळलं. ती मेथी निवडत होती आणि सांगताना तिने मान वर केली नाही.

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"मी काय म्हणणार? त्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता नाही म्हटलं तर मला माहेरात तोंड दाखवायला जागा राहील का?"

आई अशी बोलली की मागे बरंच काही असायचं. तिने मला इंग्रजी शाळेत घातलं, ते तिच्या माहेरी फारसं कुणाला आवडलं नव्हतं. मी तिथे जाऊन ओटीवर गप्प बसायचे. मला बोलायला सुचायचं नाही एवढंच खरं, पण वाडीतल्या बायकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला होता. "पोरगी लय शिष्ट हाय, आपल्याशी बोलत नाय," हे मी आतल्या खोलीत बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आईनेही ऐकलं होतं. मामाला ती तोंडं बंद करायची होती. त्यासाठी मी बोलायची गरज नव्हती, वाजवलं की झालं, असा त्याचा हिशोब असावा.

मला मात्र कुणाच्याही गाण्यामागे वाजवता येत नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं.

शाळेत शेवटची दोन वर्षं एक सर दर शनिवारी गिटार शिकवायला येत. मग ते पुण्याला गेले आणि जाताना मला झेरॉक्सची सात पानं देऊन गेले. मेजर स्केलचे सात मोड, एका पानावर एक. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, अशी नावं आणि खाली गिटारच्या पट्टीवर काळे ठिपके. नियम सोपा होता. सा ते सा वाजवलं की पहिला मोड. तेच सूर रे पासून रे पर्यंत वाजवले की दुसरा, ग पासून ग पर्यंत तिसरा. मी बी.कॉम.च्या तीन वर्षांत रोज संध्याकाळी मागच्या खोलीत दार लावून ही पानं घोटली. बोटं इतकी पळायची की मलाच नवल वाटायचं.

पण पानांवर असंही लिहिलं होतं की प्रत्येक मोडचा रंग निराळा आहे. एक उदास, एक तरंगता, एक परदेशी वाटणारा. मला तो रंग कधी ऐकूच आला नाही. रे पासून सुरू केलं तरी कान सा ची वाट बघत बसायचा आणि सा आला की सुटल्यासारखं वाटायचं. सातही पानं मला एकाच गाण्याचे तुकडे वाटत. विचारायला कुणी नव्हतं. गावात नुकताच एक सायबर कॅफे उघडला होता, पण तिथल्या मुलांच्या गर्दीत जाऊन बसायचं धैर्य मला नव्हतं. माझ्याच कानात काही कमी आहे, अशी मी समजूत करून घेतली होती, आणि ते कुणाला कळू नये म्हणून अजून जोरात बोटं पळवायचे.

सप्ताहाला दोन आठवडे राहिले तेव्हा मामीने भजनाच्या चालींची कॅसेट भरून पाठवली. मध्ये कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्यांचा आवाज आणि एकदा मामीचं "अगो थांब, परत घे." पहिली चाल मी चार दिवस बसून उतरवून काढली. सूर सगळे पहिल्या पानातले, म्हणजे साध्या सी मेजरचे निघाले. फक्त प्रत्येक ओळ सा वर न येता रे वर संपत होती. मला वाटलं, बायका ओळ अर्धी सोडतात, गावाकडे असं गात असतील. मी खाली सी, एफ आणि जी हे तीन कॉर्ड बसवले. ओळ संपली की मी सी, म्हणजे सा चा कॉर्ड, वाजवायचे, म्हणजे त्यांनी अर्धं सोडलेलं मी पूर्ण करायचे. टेपबरोबर ते कधी बरं वाटे, कधी नाही. जेव्हा नाही वाटे तेव्हा मी टेपच्या सेलना दोष द्यायचे.

रात्री झोप उडाली. जेवण जाईना. "परीक्षा आहे का गो तुझी?" असं आईने एकदा विचारलं. ती महाडात कधी गो म्हणत नसे. माहेरी जायचे दिवस जवळ आले की तिची भाषा अशी बदलू लागायची.

आम्ही एसटीने पोलादपूरला उतरलो आणि तिथून मिनीडोर रिक्षाने वाडीत गेलो. गिटार मांडीवर उभी. समोरची बाई सबंध वाट त्या कव्हरकडे बघत होती. उतरताना तिने आईला विचारलं, "ह्यात काय हाय?" आईने सांगितलं. बाई म्हणाली, "हां, हीच का ती!"

देवळात एका खांबाशी एक आजोबा गळ्यात वीणा घालून उभे होते. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात असेल तो आपला पहारा संपेपर्यंत उभाच. भजन असो नसो, तार छेडणं चालू राहतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी ते कधी सूर म्हणून ऐकलं नव्हतं. देवळात घंटा असते, समई असते, तशी वीणा असते.

मला आजोबांच्या शेजारीच बसवलं. समोर वीसेक बायका, हातात टाळ. आई मागे भिंतीशी. मी शाळेतल्या सरांनी दिलेल्या सूर लावायच्या शिट्टीवर गिटार लावून आणली होती. तार छेडली. वीणेचा सूर माझ्या कुठल्याच तारेशी जुळत नव्हता. चौथ्या तारेच्या, म्हणजे माझ्या रे च्या, जवळ होता, पण किंचित वर.

मग मी ती चूक केली. घाबरून, पण अगदी सभ्यपणे विचारलं, "आजोबा, वीणेची तार थोडी ढिली करता येईल का?"

टाळ मांडीवर गेले. मामी पटकन म्हणाली, "अगो, सप्ताह उठंस्तवर खुंटीला हात नाय लावायचा." मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "शाळंत शिकवलं नसंल." दोन-तीन जणी हसल्या. मी आईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

आजोबांनी तार छेडणं थांबवलं नव्हतं. "तुझ्या खुंट्या फिरव की गो," ते म्हणाले. "तू बसलेली हायस, मी उभा हाय."

आता सगळ्याच हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. चौथी तार वीणेला मिळवली, मग तिच्या मापाने बाकीच्या पाच.

पहिली चाल सुरू झाली. ओळ संपली, मी ठरल्याप्रमाणे सी कॉर्ड वाजवला, आणि तो इतका चुकीचा वाजला की पुढच्या रांगेतल्या बाईने गाता गाता वळून बघितलं. टेपवर वीणा नव्हती. इथे ती माझ्या कानापासून हातभर अंतरावर होती आणि माझा सी तिच्याशी भांडत होता. पुढच्या ओळीला परत तेच. मग मी तारांवर तळवा ठेवला आणि नुसता हात हलवू लागले. वाजवत असल्यासारखं दाखवायचं, पण आवाज काढायचा नाही. सगळं भजन असंच काढायचं, असं मी ठरवलं. मामा दारात उभा राहून कौतुकाने बघत होता. तो दिसला आणि मला रडू येईल असं वाटलं.

हात रिकामा होता म्हणून असेल, ऐकू यायला लागलं. बायका ओळ अर्धी सोडत नव्हत्या. ओळ संपताना त्यांचा सूर बरोबर वीणेच्या सुरावर येऊन बसत होता. मी ज्याला रे म्हणत होते, तो त्यांचा सा होता. वीणा तेच तर इतका वेळ सांगत होती.

मी तळवा उचलून फक्त मोकळी चौथी तार छेडली. कुणी वळलं नाही. मग तिच्या वरचे दोन सूर. मग खाली एक. हे दुसरं पान होतं, डोरियन. तीन वर्षं घोटलेले तेच ठिपके, पण आता सी ची वाट बघणारं माझ्यात कुणी उरलं नव्हतं. वीणा कानाला तिकडे जाऊच देत नव्हती. चालीत जे थोडं खिन्न आणि तरी उभं राहिलेलं होतं, ते तिसऱ्या सुरातून येत होतं. वीणेला सा धरलं तर तो कोमल ग होता, नेहमीच्या ग पेक्षा एक घर खाली. घरी वीणेच्या जागी काहीच नव्हतं, म्हणून तो मला कधी खाली वाटलाच नव्हता.

आनंद वगैरे झाला नाही. हाताला आलेलं निसटेल की काय, एवढीच भीती होती. कॉर्ड वाजवायचं मी पुन्हा धाडस केलं नाही. पाच सुरांच्या बाहेर गेले नाही.

दुसरी चाल आली आणि मी तेच सूर वाजवले. चुकलं. ग खटकला. वीणा तीच, चौथी तार तीच, पण बायका ग वरचा घेत होत्या. पट्टीवर एक घर पुढे गेले, जुळलं. आता प्रत्येक नव्या चालीला मी पहिली ओळ सोडून द्यायला लागले. ग कुठे पडतो, नी कुठे पडतो, एवढंच ऐकायचं आणि मग हळूच शिरायचं. एका चालीत मला नी शेवटपर्यंत सापडला नाही, तेव्हा मी त्याच्या आसपास फिरकलेच नाही. तासाभराने पहारा बदलला आणि आजोबांच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. तेवढ्या वेळातही सूर तुटला नाही. माझी मान आखडली होती.

भजन संपल्यावर मी मागे भिंतीशी येऊन कव्हरची चेन लावत होते तेव्हा मघाची पुढच्या रांगेतली बाई आईजवळ गेली.

"पोरीची गिटार काय ऐकायलाच नाय आली गो."

आईचा चेहरा उतरला. ती सावरून म्हणाली, "एवढ्या टाळांत कशी येणार?"

"मला आली," आजोबा पाय चोळत म्हणाले. "आधी वाकडी आली. मग आली सरळ."

"मग उद्याच्याला बसव तिला," बाई म्हणाली. "आम्ही टाळ कमी घेऊ. काय गो, बसशील ना?"

तिने हे मला विचारलं होतं, आईला नाही. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मला ओळखता आलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. उद्या टाळ कमी, म्हणजे उद्या चुकलेलं सगळं ऐकू येणार. आज मी न वाजवता वाजवल्यासारखं केलं होतं, ते उद्या चालणार नव्हतं. अशा वेळी मी मान खाली घालते, आणि लोक त्याचा हवा तो अर्थ घेतात.

"उद्या कुठल्या चाली आहेत?" मी विचारलं.

चार बायकांनी चार चाली एकदम म्हणायला सुरुवात केली.

"एकेकीने," मी म्हणाले. आवाज बारीकच आला. "आणि इथे नको. वीणेजवळ येऊन म्हणा."

मी कव्हर परत उघडलं. बायका खांबाजवळ सरकल्या.